गाडीला घराची वीज, घराला गाडीची वीज

माझ्या एका मित्राने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा त्याच्या घरात थ्री-फेज कनेक्शन आधीपासूनच होतं. मग हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून त्याने भिंतीवर ११ किलोवॉटचा चार्जर बसवून घेतला. गाडीची बॅटरी ६० युनिटची. हिशेब सोपा वाटत होता: रात्री प्लग लावायचा, पाच तासांत गाडी भरलेली. पहिल्या रात्री दहा वाजता बॅटरी १५ टक्क्यांवर होती. प्लग खटकन बसला, हिरवा दिवा लागला, मित्र निर्धास्त झोपला. सकाळी सहाला पाहतो तर ५९ टक्के.

चार्जर खराब निघाला असं तो धरूनच चालला. वायरमनने येऊन सगळं तपासलं, दोष काही सापडेना. सापडणार तरी कसा? चार्जर धडधाकट होता, गाडीही धडधाकट होती. दोघांचं एकमेकांशी जुळत मात्र नव्हतं, आणि हे न जुळणं प्लगच्या आकारावरून दिसत नाही.

घरच्या चार्जिंगबद्दल लोक विचारतात तो पहिला प्रश्न असतो, "हा प्लग माझ्या गाडीला बसेल का?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. इथे जुळावं लागतं ते तिघांचं: गाडी, भिंतीवरचा डबा आणि घराचं वायरिंग. तिघांपैकी जो सगळ्यात कमजोर असेल तो वेग ठरवतो. आणि लाईट गेल्यावर गाडीच्या बॅटरीवर घर चालवायचं म्हटलं तर याच तिघांची परीक्षा उलट्या दिशेने होते, तीही जास्त कडक.

भिंतीवरचा डबा चार्जर नसतोच

बॅटरीत साठते ती वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) आणि घरात येते ती एसी (सतत दिशा बदलणारी). एसीची डीसी करणारं यंत्र म्हणजे खरा चार्जर, आणि चारचाकीत तो गाडीच्या पोटातच बसवलेला असतो. त्याला ऑन-बोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरच्या डब्यात असतो एक दणकट रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), करंटची गळती पकडणारा सेन्सर आणि गाडीशी बोलणारं छोटंसं सर्किट. म्हणजे तो एक हुशार स्विच आहे. सगळेच त्याला चार्जर म्हणतात म्हणून मीही म्हणतो, पण विकत घेताना हा फरक डोक्यात ठेवला की निम्मे गोंधळ मिटतात.

हा डबा गाडीशी बोलतो कसा, ते जरा जवळून पाहू. टाइप-२ प्रकारच्या प्लगमध्ये सात पिना असतात. तीन फेजच्या, एक न्यूट्रल, एक अर्थ, आणि वरच्या बाजूला दोन बारीक. त्या दोन बारीक पिनांपैकी एकीवर डबा १२ व्होल्ट धरून उभा असतो. प्लग गाडीत बसला की गाडीतला एक रेझिस्टर तो व्होल्टेज ९ वर खेचतो. डब्याला कळतं, कोणीतरी आलं आहे. मग तो त्याच तारेवर सेकंदाला १००० वेळा चालू-बंद होणारा सिग्नल सोडतो. प्रत्येक ठोक्यातला किती भाग 'चालू' आहे यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर घ्यायची परवानगी आहे. २७ टक्के चालू म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के चालू म्हणजे ३२. गाडी तयार झाली की व्होल्टेज आणखी खाली, ६ वर खेचते, आणि मगच डब्यातला रिले बसतो. प्लग लावल्यावर क्षणभराने जो 'खट' आवाज येतो, तो हाच. तोवर त्या जाड पिनांमध्ये वीज नसते. प्लग काढतानाही ही सिग्नलची बारीक पिन जाड पिनांच्या आधी सुटते, त्यामुळे रिले तुटतो आणि ठिणगी उडत नाही. दुसऱ्या बारीक पिनेवर केबलमधला एक रेझिस्टर सांगतो की ही केबल किती करंट झेपवते: २२० ओहम असेल तर ३२ अँपिअर, ६८० असेल तर २०.

यातून एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण अनेकांना याची उगाच भीती वाटते. डबा गाडीत वीज ढकलत नाही. तो फक्त वरची मर्यादा सांगतो आणि गाडी त्या मर्यादेत राहून स्वतःला झेपेल तेवढीच ओढते. ३.३ किलोवॉटच्या ऑन-बोर्ड चार्जरची गाडी २२ किलोवॉटच्या डब्याला लावली तरी तिचं काही बिघडत नाही. ती ३.३ च घेणार.

आता मित्राच्या गाडीकडे वळू. ११ किलोवॉटचा डबा म्हणजे तीन फेज, प्रत्येकी १६ अँपिअर, २३० व्होल्टने. त्याच्या गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर ७.२ किलोवॉटचा खरा, पण तो एकाच फेजवर चालणारा. डब्याने सांगितलं, "फेजमागे १६ अँपिअर घे." गाडीला एकच फेज वापरता येते. १६ गुणिले २३० म्हणजे जेमतेम ३.७ किलोवॉट. बाकीच्या दोन फेज रात्रभर रिकाम्या बसल्या. त्यातून रूपांतरात जाणारी दहाएक टक्के वजा केली की आठ तासांत साधारण साडेसव्वीस युनिट भरतात, आणि ६० च्या बॅटरीत ते ४४ टक्के होतात. साधा सिंगल-फेज, ३२ अँपिअरचा ७.४ किलोवॉटचा डबा घेतला असता तर हीच गाडी जवळपास दुप्पट वेगाने भरली असती.

म्हणून डबा घेण्याआधी गाडीच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. एसीवर कमाल किती किलोवॉट आणि किती फेजवर. 'फास्ट चार्जिंग १५० किलोवॉट' असा जो ठळक आकडा छापलेला असतो त्याचा घराशी काही संबंध नाही. रस्त्यावरच्या त्या मोठ्या यंत्रांत एसीची डीसी बाहेरच होते आणि ऑन-बोर्ड चार्जरला वळसा घालून वीज थेट बॅटरीत जाते.

प्लगच्या प्रकारांवर फार रेंगाळण्यासारखं नाही. युरोपात आणि इतर अनेक देशांत एसीसाठी टाइप-२, उत्तर अमेरिकेत आणि जपानमध्ये टाइप-१, चीनमध्ये त्यांचा स्वतःचा जीबी/टी. टेस्लाने आपला प्लग नोव्हेंबर २०२२ मध्ये इतरांसाठी खुला केला आणि उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या त्याच्याकडे वळल्या. टाइप-१, टाइप-२ आणि टेस्लाचा हा प्लग तिघेही एसी चार्जिंगला वर सांगितलेलीच १२-९-६ ची भाषा बोलतात, म्हणून चांगल्या प्रतीचा अ‍ॅडॉप्टर मध्ये घातला तर घरचं चार्जिंग नीट होतं. डीसीची गोष्ट वेगळी. सीसीएस आणि जपानी चाडेमो या डीसी चार्जिंगच्या दोन पद्धती; एकीची डिजिटल भाषा एक, दुसरीची दुसरी. तिथे नुसता आकार बदलून भागत नाही. (चाडेमो या नावात 'चहा तरी घ्या' अशा अर्थाच्या जपानी वाक्याचा श्लेष आहे. गाडी चार्ज होईतो चहा घ्या, अशी कल्पना. मला हे नाव फार आवडतं.) एक काटेकोर नियम मात्र पाळा: अ‍ॅडॉप्टरला अ‍ॅडॉप्टर जोडून साखळी करायची नाही. प्रत्येक सांधा ही तापण्याची एक जागा असते.

दुचाकीचं गणित पूर्ण उलटं

इलेक्ट्रिक स्कूटरसोबत येणारी ती विटेएवढी पेटी खरोखरच चार्जर असते. तिच्यातून निघणारी वीज डीसी, आणि ती थेट बॅटरीच्या तोंडाशी जाते. इथे "बसला प्लग की लाव" हा प्रकार जीवावर बेतू शकतो. '४८ व्होल्ट' असं लिहिलेल्या दोन पेट्या घ्या. एक १३ सेलच्या निकेलवाल्या लिथियम बॅटरीसाठीची असेल तर ती ५४.६ व्होल्टवर थांबते. दुसरी १६ सेलच्या लोह-फॉस्फेट बॅटरीसाठीची असेल तर ५८.४ ला थांबते. लेबल सारखं, पिन सारखी असू शकते, पण दुसरी पेटी पहिल्या बॅटरीला लावली की प्रत्येक सेलवर ताण ४.२ ऐवजी जवळजवळ ४.५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. बॅटरीतलं संरक्षक सर्किट हे अडवेल अशी अपेक्षा असते, पण ते शेवटची भिंत म्हणून ठेवलेलं असतं, रोज धडका द्यायला नाही. स्कूटरचा चार्जर हरवला तर त्याच मॉडेलचाच घ्या. शेजाऱ्याचा मागून आणू नका आणि आपला देऊही नका.

तिसरा भिडू: घराचं वायरिंग

गाडी आणि डबा एकमेकांशी बोलतात. वायरिंगला तोंड नसतं. ते तापून सांगतं.

घरातली बहुतेक उपकरणं पूर्ण जोरात थोडा वेळ चालतात. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधूनमधून तापते. गाडी मात्र आठ-दहा तास एकसारखा करंट ओढत राहते, आणि तेही आपण झोपेत असताना. समजा भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये पिनेची पकड थोडी सैल झाली आहे आणि त्या जागी ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला आहे. १६ अँपिअरला तिथे निर्माण होणारी उष्णता म्हणजे १६ गुणिले १६ गुणिले ०.१, साडेपंचवीस वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तेवढ्यावर सोल्डर वितळतं. ती आयर्न प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून रात्रभर चालू ठेवण्यासारखं आहे हे. मी असं एक सॉकेट पाहिलं आहे: एका पिनेभोवती पांढरं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी झालेलं, आणि प्लग ओढला तेव्हा तो सॉकेटचा तुकडा घेऊनच बाहेर आला. ब्रेकर पडला नव्हता. पडणारही नव्हता, कारण करंट ठरलेल्या मर्यादेतच होता. ब्रेकरला जास्तीचा करंट दिसतो, सैल पकड दिसत नाही.

तेव्हा साध्या सॉकेटवरच भागवायचं असेल तर गाडीच्या स्क्रीनवरून किंवा पोर्टेबल केबलच्या पेटीवरून करंट १० अँपिअरवर आणा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १६ चे १० केले की ती साडेपंचविसाची दहा होते. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा.

कायमचा डबा बसवायचा तर त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र ब्रेकर हवा. ३२ अँपिअर सतत जाणार असतील तर ४० अँपिअरचं सर्किट धरतात, म्हणजे क्षमतेच्या ८० टक्क्यांवरच काम चालतं. वायर साधारणपणे ६ चौरस मिलिमीटर तांब्याची. अंतर लांब असेल तर १०. घराचा मंजूर लोड किती आहे तेही पाहावं लागतं. डब्यात घराचा एकूण वापर मोजून गाडीचा करंट आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असेल तर लहान कनेक्शनवरही काम निभतं, आणि माझ्या मते ॲपवरच्या रंगीबेरंगी आलेखांपेक्षा ही सोय कितीतरी मोलाची आहे. आणखी एक शब्द माहितीपत्रकात शोधा: ओसीपीपी. ही डब्याने दूरच्या सर्व्हरशी बोलण्याची खुली भाषा आहे. ती असेल तर बनवणाऱ्याने उद्या आपलं ॲप बंद केलं तरी डबा दुसरीकडे जोडता येण्याची शक्यता राहते.

गळती पकडणाऱ्या स्विचबद्दल एक बारकावा, जो अनुभवी वायरमनच्याही नजरेतून सुटतो. गाडीत बिघाड झाला तर डीसी करंट घराच्या वायरिंगमध्ये गळू शकतो. अशी डीसी गळती ६ मिलिअँपिअरच्या वर गेली की नेहमीचा आरसीसीबी (बोर्डावरचा हा गळती पकडणारा स्विच) आंधळा होऊ शकतो. म्हणजे तो बोर्डावर दिसतो, पण वेळेला पडत नाही. यासाठी एकतर टाइप-बी चा आरसीसीबी लागतो किंवा डब्यातच ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारा सेन्सर असावा लागतो. डबा घेताना हे नेमकं विचारा.

आणि अर्थिंग. डबा गाडीला वीज देण्याआधी अर्थ तपासतो आणि नसेल तर लाल दिवा दाखवून नकार देतो. यावर "अर्थ बायपास करून देतो" असं कोणी म्हणालं तर त्या माणसाला नम्रपणे परत पाठवा. घरच्या इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर गाडी चार्ज का होत नाही, याचंही उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. त्यांचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो, म्हणून डब्याला वाटतं की अर्थच नाही.

आता उलटी दिशा

६० युनिटची बॅटरी दाराशी उभी आहे, घरात अंधार आहे. साहजिकच मनात येतं, ही वीज घरात का आणू नये? ही कल्पना नवी नाही. गाड्यांच्या बॅटऱ्या वीजजाळ्याला आधार देऊ शकतील असं विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंद्र या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्येच मांडलं होतं. पण तिला खरी निकड आली ती जपानमधल्या मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर. इंधनाची टंचाई होती, अनेक ठिकाणी वीज मात्र आधी परतली, आणि इलेक्ट्रिक गाड्या मदतकार्यात उपयोगी पडल्या. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, निस्सानने लीफ गाडीतून घराला ६ किलोवॉटपर्यंत वीज देणारी यंत्रणा जपानमध्ये बाजारात आणली.

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात. पहिली व्ही-टू-एल: गाडीतून थेट उपकरणाला. गाडीतच सॉकेट असतं, किंवा चार्जिंगच्या तोंडाला एक अ‍ॅडॉप्टर लावला की त्यातून घरच्यासारखी एसी वीज मिळते. २०२१ मध्ये आलेली ह्युंदाई आयोनिक-५ अशी ३.६ किलोवॉटपर्यंत देते. दुसरी व्ही-टू-एच: गाडीतून अख्ख्या घराला, बोर्डामार्गे. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग ९.६ किलोवॉट देते, टेस्लाचा सायबरट्रक ११.५. तिसरी व्ही-टू-जी: गाडीतून वीज कंपनीच्या जाळ्यात.

पहिली असली म्हणजे दुसरी आलीच, असं नाही. भिंतीवरचा नेहमीचा डबा वीज परत आणू शकत नाही. त्यात तसं यंत्रच नाही, वर पाहिलंच आहे. घर चालवायचं तर बॅटरीच्या डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर कुठेतरी हवा. लाइटनिंगच्या पद्धतीत तो घरात भिंतीवर बसतो आणि गाडीतून डीसी बाहेर येते. सायबरट्रकमध्ये तो गाडीतच असतो. या दोन पद्धतींचे डबे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दोन्ही दिशांच्या चार्जिंगची समान भाषा आयएसओ १५११८-२० या मानकात २०२२ मध्ये लिहिली गेली, पण आज मिळणाऱ्या बऱ्याच यंत्रणा अजून ठराविक गाडीशीच बांधलेल्या आहेत. विक्रेत्याने "ही गाडी बायडायरेक्शनल-रेडी आहे" म्हटलं की एकच विचारा: कोणत्या डब्यासोबत, आज, लाईट गेलेली असताना?

त्यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. जाळ्यात वीज सोडणारा इन्व्हर्टर बहुधा जाळ्याच्या ठोक्याला ठोका मिळवून चालतो. जाळं गेलं की तोही बंद पडतो, आणि तसा पडलाच पाहिजे. छतावरच्या सौर पॅनेलचंही असंच. लख्ख ऊन असतानाही लाईट गेली की साधी सौर यंत्रणा थांबते. अंधारात घर चालवायला स्वतःचा ठोका स्वतः धरणारा इन्व्हर्टर लागतो, आणि घराला जाळ्यापासून पूर्ण तोडणारा स्विच लागतो.

तो स्विच कशासाठी

इथे मी थोडं थांबणार आहे.

व्ही-टू-एल चं सॉकेट हातात आलं की कोणालातरी हमखास सुचतं: दोन्ही टोकांना प्लगच्या पिना असलेली वायर करायची, एक टोक गाडीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्यातरी सॉकेटमध्ये. की घर उजळलं. मेन स्विच बंद करायचं लक्षात राहिलं तर. नाही राहिलं तर तुमच्या गाडीची २३० व्होल्टची वीज मीटरमधून उलटी बाहेर पडून गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. ११,००० व्होल्ट घेऊन २३० करणारा ट्रान्सफॉर्मर खालून २३० दिल्यावर वर ११,००० तयार करतो. बहुतेक वेळा सगळ्या गल्लीचा लोड गाडीवर पडून ती क्षणात ट्रिप होईल. पण दुरुस्तीसाठी वरची लाईन तोडलेली असेल, खांबावर माणूस चढलेला असेल आणि त्याने लाईन मृत समजून हात घातला असेल, तर तो एक क्षणही पुरतो. अशी वायर बनवू नका. बनवलेली असेल तर आजच तोडा. तिचं एक टोक गाडीत असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत असतात, हा धोका वेगळाच.

याला उपाय जुना आणि साधा आहे: चेंजओव्हर स्विच. मूठ एका बाजूला फिरवली की घर वीज कंपनीकडे, मध्ये शून्य, दुसऱ्या बाजूला घर गाडीकडे. दोन्ही बाजू एकाच वेळी जोडणं यांत्रिकदृष्ट्याच अशक्य. विसरभोळेपणाला जागाच उरत नाही. व्ही-टू-एच च्या यंत्रणांत हेच काम आपोआप होतं, पण त्याला काही सेकंद लागू शकतात. घरात कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर त्या काही सेकंदांसाठी वेगळा यूपीएस ठेवाच, आणि गाडी बाहेर गेलेली असताना काय करायचं तेही आधीच ठरवा.

चेंजओव्हर बसवतानाही न्यूट्रलचा प्रश्न उरतो. गाडीच्या सॉकेटमधून येणाऱ्या दोन्ही तारा बहुधा जमिनीशी न बांधलेल्या, तरंगत्या असतात. अशा पुरवठ्यावर घरातला आरसीसीबी अपेक्षेप्रमाणे पडेलच असं नाही. न्यूट्रल अर्थला बांधावा, तर काही गाड्या त्यालाच बिघाड समजून वीज बंद करतात. म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल, मग परवानाधारक इलेक्ट्रिशियन, मग स्विच. तेवढी तयारी नसेल तर घराच्या वायरिंगला हातच लावू नका. गाडीपासून एक जाड एक्स्टेन्शन ओढा आणि त्यावर फ्रिज, दिवे, राउटर थेट लावा. एवढ्यावर बहुतेक रात्री निभावतात. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही.

किती दिवस पुरेल

समजा लाईट गेली तेव्हा ६० युनिटची बॅटरी ८० टक्के होती. दवाखान्यापर्यंत जायची वेळ आलीच तर म्हणून ३० टक्के राखून ठेवू. हाती उरले ३० युनिट. रूपांतरात काही जातात, धरू २६.

आता घर. फ्रिज दिवसाला सव्वा युनिट. ७० वॉटचे तीन पंखे दहा तास, २.१. नऊ वॉटचे सहा दिवे सहा तास, ०.३२. राउटर चोवीस तास, पाव युनिट. मोबाईल-लॅपटॉप अर्धं. सगळं मिळून साडेचारच्या आत. २६ भागिले साडेचार म्हणजे जवळजवळ सहा दिवस?

नाही. या हिशेबात गाडी राहिली. वीज देत असताना तिचे संगणक, पंप, कॉन्टॅक्टर जागे असतात आणि त्यासाठी ती स्वतः शे-तीनशे वॉट खाऊ शकते. २०० वॉट धरले तर दिवसाला ४.८ युनिट, म्हणजे अख्ख्या घरापेक्षा जास्त. मुदत सहा दिवसांवरून तीनच्याही खाली येते. म्हणून लांबलेल्या अंधारात गाडीचा पुरवठा सतत चालू ठेवू नका. ठराविक वेळा चालू करा, तेवढ्यात फ्रिज गार होऊ द्या, पॉवर बँका भरून घ्या आणि बंद करा. दार न उघडलेला फ्रिज चारेक तास सहज थंडावा धरतो.

एअर कंडिशनर लावला तर हिशेब पार बदलतो: दीड किलोवॉटने आठ तास म्हणजे बारा युनिट, एका रात्रीत. पाण्याचा पंप वेगळ्या कारणाने अडतो. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना हजारेक वॉट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सात पट करंट मागते, आणि ३.६ किलोवॉटचं सॉकेट तिथेच मान टाकतं. थ्री-फेज मोटर तर सिंगल-फेज सॉकेटवर चालणारच नाही.

बॅटरी झिजेल ही काळजी मला मात्र फारशी खरी वाटत नाही. हमरस्त्यावर धावताना गाडी सहज १५-२० किलोवॉट ओढते; घराचं एखादं किलोवॉट तिच्यासाठी सावकाश चालण्यासारखं आहे. वॉरंटीत याबद्दल काही अट आहे का, ते तेवढं वाचून घ्या. पेट्रोल इंजिन असलेल्या प्लग-इन हायब्रिडला मात्र एक कडक अट लागू: बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये तिच्यावरून घर चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हे सगळं बसवून झालं की एखाद्या निवांत सकाळी, उजेडात, मुद्दाम मेन बंद करून पाहा. चेंजओव्हर फिरवा, फ्रिज सुरू होताना दिवे किती मंदावतात ते बघा, तासाभरात बॅटरी किती उतरली ते लिहून ठेवा. मग कोणता स्विच आधी, कोणता नंतर आणि काय लावायचं नाही हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. लाईट जाईल तेव्हा घरी तुम्हीच असाल असं नाही.